कंट्रोलरची खंडेनवमी

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर.
(तारीख शेवटी घालतो. हे पत्र एका बैठकीत संपेल असं वाटत नाही.)

आदरणीय बन्सीदाजींना विश्वजीतचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरंखोटं पुढचं वाचून तुम्हीच ठरवा. तुमचा गुडघा कसा आहे? गणपतीत आला होतात तेव्हा गुडघ्याला रुईची पानं बांधली होती, आणि मी आराम पडला का विचारल्यावर "पानं वाळली तेवढी" म्हणालात, ते माझ्या मनातून गेलेलं नाही. मोसंबीची फळगळ थांबली का? थांबली नसेल तर मनाला लावून घेऊ नका. ज्या वर्षी काहीच गळत नाही असं वर्ष मी तरी अजून पाहिलेलं नाही. म्हैस, विहीर आणि धाकटी सूनबाई या तिघींची खुशाली कळवा. (तिघींना एका ओळीत बसवलं म्हणून सूनबाईंना राग येईल, तर ही ओळ त्यांना वाचून दाखवू नका.)

फोन करायचा सोडून हा माणूस पत्र का लिहीत बसला, असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्या फोनवर तुम्ही कमी आणि माझी आक्का जास्त असते. तुम्हाला ऐकू कमी येतं म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, आणि मग मी जे तुमच्या कानात सांगतो ते करमाडच्या स्टँडवर चहा पिणाऱ्यांना आधी कळतं. आजचा मजकूर तसा नाही. आजचा मजकूर आक्काविषयीच आहे. म्हणून समोरच्या घरातले सत्यमराव तुमच्या करमाडच्या अलीकडं, शेंद्र्याला, कंपनीत जातात त्यांच्या हाती हे पाकीट देणार आहे, आणि ते तुमच्याच हातात द्या, घरातल्या बाईमाणसाच्या नको, असं त्यांना बजावणार आहे. वाचून झालं की बंबात घाला. निदान पाणी तरी तापेल.

तुम्हाला माहीतच आहे, सुलेखा गेल्यापासून या घरात आवाज म्हणाल तर फ्रिजचा, आणि पाण्याच्या दिवशी मोटारीचा. तनुजा तिकडून, लीड्सहून, फोन करते. ती विचारते, जेवलात का. मी म्हणतो, जेवलो. ती विचारते, गोळ्या घेतल्या का. मी म्हणतो, घेतल्या. मग मी विचारतो, थंडी आहे का. ती म्हणते, आहे. (तिकडे बाराही महिने थंडी असते, त्यामुळे हा प्रश्न वर्षभर चालतो.) त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो आणि मग कुणीतरी दाराची बेल वाजली असं खोटं सांगतं. सुलेखा होती तेव्हा मायलेकी तासन्‌तास बोलायच्या आणि अगदी शेवटी "बाबांशी बोल गं" म्हणून फोन माझ्याकडे यायचा. संभाषणाचं शेपूट तेवढं माझ्या वाट्याला असायचं, आणि तेवढ्यापुरतं मला बोलता येतं. अख्खं जनावर अंगावर आलं की मी हरतो.

यावर तनूनं काय उपाय काढला तर तो खेळाचा खोका. टीव्हीला जोडायचा. गणपतीआधी तिनं तो मला पाठवला आणि म्हणाली, बाबा, बोलायला जमत नसेल तर आपण खेळू. दर रविवारी, तिची दुपार आणि माझी संध्याकाळ. खेळताना तिचा आवाज टीव्हीतून येतो आणि माझा त्याच खोक्यातून तिला जातो. खेळ असा की, दोन माणसं एका डोंगरात निघालेली. एक ती, एक मी. लाकडं गोळा करायची, ओढे ओलांडायचे, चढणीवर एकमेकांना हात द्यायचा, आणि अंधार पडला की शेकोटी पेटवून बसायचं. कुणाला मारायचं नाही, काही जिंकायचं नाही. शेवटी काय होतं, असं मी विचारलं. शेवट नसतो, म्हणाली. (हे मला आवडलं नाही. वस्तूला शेवट असावा. तो वाईट असला तरी चालेल.)

आता कंट्रोलर. म्हणजे खेळताना दोन्ही हातांत धरायचं ते काळं यंत्र. तुम्ही ते पाहिलेलं आहे. तुम्हाला ते ब्लडप्रेशर मोजायचं वाटलं होतं आणि तुम्ही बाही वर करून दंड पुढं केला होता. दाजी, मी वाळूजला टूलरूममध्ये आयुष्यभर मुठींचे साचे केले. स्कूटरच्या मुठी, कुकरच्या मुठी, सुतारकामाच्या करवतींच्या मुठी. माणसाचा हात या विषयावर मला बोलायचा अधिकार आहे. (तुमच्या घरच्या कुकरची मूठ हलते ती माझी नाही. आक्काला हे सांगून मी थकलो.) तर अधिकारानं सांगतो की, ज्यानं हा कंट्रोलर घडवला त्याला हात कळतो, पण माणूस कळत नाही. धरायची दोन्ही शिंगं तळहातात अशी बसतात की सोडवत नाहीत. वरचा आणि खालचा अर्धा भाग जिथं जुळतो ती रेघ हाताला लागतसुद्धा नाही, आणि ती रेघ घासण्यात माझी उमर गेली, म्हणून तेवढा मान मी त्याला देतो. पण पुढं? अंगठ्यांखाली दोन दांड्या, एक चालायची, एक मान वळवायची. म्हणजे चालताना मान वळवायची तर दोन अंगठ्यांचं एकमत हवं. माझ्या अंगठ्यांचं कशावरही एकमत नाही. मी चालायला लागलो की आभाळाकडं बघतो आणि इकडंतिकडं बघायला गेलो की ओढ्यात पडतो. शिवाय दांडीच्या बुडाशी चहूकडून बारीक फट ठेवलेली आहे. ती फट मी पहिल्याच दिवशी हेरली होती. फट ठेवली की धूळ जाणार, हे आमच्याकडं नवशिक्यालाही कळतं. कुंकू जाईल हे मात्र मलाही सुचलं नव्हतं, आणि तो ज्या देशात घडला तिथल्या लोकांना तर खंडेनवमी ठाऊक असायचं कारण नाही. पण ते पुढं येईल.

सगळ्यात वाईट म्हणजे पलीकडच्या अंगाला, डोळ्याला दिसणार नाहीत अशी, तर्जनीखाली बटणं ठेवली आहेत. उजव्या तर्जनीखालचं बटण हात धरायचं. ते दाबून ठेवलं तर माझा माणूस तनूच्या माणसाचा हात धरतो. सोडलं की सुटतो. आणि माझी उजवी तर्जनी अर्धी प्रेसमशिननं कधीच नेलेली, हे तुम्हाला माहीत आहे. चढणीवर तनू हात पुढं करायची, मी उरलेलं बोट ताणून बटणापर्यंत न्यायचो आणि ऐन कड्यावर माझं बोट घसरायचं. पोर खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली. ती हसायची. मला हसू येत नसे. आपलं पोर आपल्या हातून पडतं, ते चित्रातलं असलं म्हणून काय झालं?

मग मी सुधारणा करायला घेतली. बाभळीच्या लाकडाची एक लांब मूठ कोरून कंट्रोलरला खालून बसवली. ती एवढी मोठी झाली की समोरच्या मेघावहिनींनी धुणं धोपटायला केली का असं विचारलं. मग सायकलच्या ब्रेकचं रबर कापून बोटाला चढवलं. ते बटणाला चिकटून बसलं आणि माझा माणूस तनूचा हात सोडीचना, ती जेवायला उठली तरी. शेवटी सुलेखाच्या शिलाईच्या डब्यात, सुई टोचू नये म्हणून ती बोटात घालायची ते पितळी अंगुस्तान सापडलं. ते त्या थोट्या बोटावर नेमकं बसलं आणि लांबीही बरोबर भरली. तेव्हापासून तनू एकदाही पडली नाही. फक्त पितळ बटणावर आपटून असा आवाज येतो की तनूनं पहिल्या दिवशी विचारलं, बाबा, खेळताना सुपारी फोडताय का?

(एक सांगायचं राहिलं. हा कंट्रोलर थरथरतो. खेळात वीज कडाडली की हातात कापरं भरल्यासारखा थरथरतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या वडिलांना अर्धांग झालं ते हाताच्या थरथरीपासूनच, म्हणून पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी शांतपणे जमिनीवर आडवा झालो आणि मेघावहिनींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, त्यांनी ते यंत्र माझ्या हातून काढून घेतलं, तर ते त्यांच्याही हातात थरथरलं. त्यांनी ते फेकलं आणि त्याही माझ्याशेजारी खाली बसल्या. वीज कडाडल्यावर माणूस आपला आपण थरथरतो. त्यासाठी यंत्राची योजना कशासाठी, हे मला अजून उमगलेलं नाही.)

तर एवढं सगळं सोसून मी का खेळत होतो? शेकोटीसाठी. शेकोटीपाशी बसलं की कुठलंच बटण दाबावं लागत नाही. दोन्ही अंगठे मोकळे. पडद्यावर आग हलते आणि दोन माणसं तिच्याकडं बघत बसतात. आणि दाजी, तिथं तनू बोलते. फोनवर जी "थंडी आहे" यापुढं जात नाही ती पोरगी तिथं आईविषयी बोलते. सुलेखा शेवटच्या महिन्यात तिला काय काय म्हणाली, मला काय सांगू नकोस म्हणाली, सगळं. मी ऐकत असतो. मला तोंड दाखवावं लागत नाही, उत्तर सुचावं लागत नाही, नुसतं बसावं लागतं. ती म्हणाली होती, बाबा, तुम्ही एवढा वेळ एका जागी बसलेले मी पहिल्यांदा बघतेय. खानदानात माझी कीर्ती तुम्हाला ठाऊक आहे. रडारड सुरू झाली की विश्वजीत मांडवाच्या मागं. तनू आणि ऋतुराजच्या लग्नात, पाठवणीला, मी जनरेटरवाल्याशी डिझेलवर वाद घालत होतो. "विश्वा रडण्यात घावायचा नाय, त्याला आधीच वास लागतो" हे तुमचंच वाक्य आहे, आणि ते तुम्ही चारचौघांत म्हणता.

आता आक्का. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती आली, ते चांगल्या मनानं आली हे मी आधीच लिहून ठेवतो. सुलेखा दर खंडेनवमीला घरातली अवजारं पुजायची. तिचं शिलाई मशिन, माझी मोजमापाची कॅलिपर, कानस, पाना. आता पुजायला घरात बाई नाही म्हणून आक्का करमाडहून सकाळच्या एसटीनं आली. आल्याबरोबर आपल्या सवयीप्रमाणं दारात, ऐन मधोमध, पाट टाकून बसली. (ती असली की माणसाला घराबाहेर जायला वाट राहत नाही. भाजी निवडायची तर दारात, सुपारी कातरायची तर दारात. कुणाला बाहेर जायचं असलं तर आधी कुठं, कशाला आणि कधी येणार, एवढं सांगून जावं लागतं. हीही माझी एक तक्रार समजा.) तिथूनच तिनं टीव्हीपाशी ठेवलेला कंट्रोलर पाहिला आणि विचारलं, हे खेकडं कशाचं रं? आता या वयात मी खेळतो असं कुठल्या तोंडानं सांगू? मी म्हणालो, कामाचं आहे. कसलं काम? मी म्हणालो, तनूच्या मार्फत मिळालंय, परदेशी. यंत्रावर बसून करायचं असतं. आक्काचा चेहरा असा उजळला की मी तिला ते तसंच समजू दिलं. रिटायर झालेला भाऊ पुन्हा कामाला लागला, आणि तेही परदेशी.

मी झेंडूची फुलं आणायला चौकात गेलो, तेवढ्यात तिनं पूजा मांडली. परत येऊन बघतो तर चौरंगावर लाल कापड, त्यावर कॅलिपर, कानस, शिलाई मशिनचं चाक, आणि सगळ्यांत मधे, मानाच्या जागी, कंट्रोलर. आधी त्यावर पळीनं पाणी शिंपडलेलं. मग एकेका बटणाला हळद आणि कुंकू. एकही सोडलेलं नाही. दांड्यांना तर दोनदा, कारण त्या तिला पिंडीसारख्या दिसल्या. वर अक्षता, वर गुळाचा खडा. मी म्हणालो, आक्का, हे काय केलंस! ती म्हणाली, "आरं विश्वा, कामाचं यंतर म्हणला ना तू? मंग पुजायला नको व्हय? सुलेखा असती तर तिनं सोडलं असतं का?" मी हात जोडले. वर तिनं बजावलं की पुजलेलं अवजार दसऱ्याच्या दुपारपर्यंत उचलायचं नाय. तोपर्यंत मुंग्याही येऊन गेल्या.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी कंट्रोलर फडक्यानं पुसला, अंगुस्तान चढवलं आणि बसलो. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. दांडी जरा जड वाटत होती, पण माझ्या हाताला हल्ली सगळंच जड वाटतं. अंधार पडला, शेकोटी पेटली, आम्ही बसलो. तनूनं शेकोटीत आणखी एक लाकूड टाकलं. मग म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. रागावू नका हं. ऋतुराज आणि मी…" आणि दाजी, माझा माणूस उठला.

मी दांडीला हातही लावला नव्हता. तो आपला आपण उठला, वळला आणि डावीकडं चालायला लागला. अंधारात. मी घाबरून सापडेल ते बटण दाबलं. एका बटणानं त्यानं उडी मारली, दुसऱ्यानं हात हलवून निरोप घेतला, तिसऱ्यानं शीळ घातली. (शीळ घालायचं बटण आहे हे मला त्या दिवशी कळलं. कुणाला, कधी, कशासाठी शीळ घालावीशी वाटेल म्हणून ते तिथं ठेवलंय, हे त्या घडवणाऱ्याला विचारावंसं वाटतं.) म्हणजे माझी लेक आपल्या संसाराविषयी तोंड उघडते, आणि तिचा बाप उड्या मारत, हात हलवत, शीळ घालत निघून जातो आणि नदीत पडतो. पडद्यावर शेकोटीपाशी ती एकटी राहिली. मी ओरडून सांगत होतो की तनू, हा मी नाही, यंत्र चाललंय. ती म्हणाली, "राहू दे बाबा. नंतर बोलू." आणि पडदा बंद झाला.

सोमवारी शहागंजात गेलो. मोबाइल दुरुस्तीवाल्या मुजीबभाईंनी कंट्रोलर उघडला आणि कितीतरी वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, "चचा, इसके अंदर तो पूरी शादी हुई दिखरी." आत हळद होती, कुंकू होतं, तांदळाची कणी होती आणि मेलेल्या मुंग्या वऱ्हाडासारख्या पसरल्या होत्या. दांडीच्या बुडाशी ओल्या कुंकवाचा थर बसून वाळला होता, म्हणून अंगठा न लावताही यंत्राला वाटतं की दांडी डावीकडं ढकललीय. त्यांनी स्पिरिटनं धुतलं, ब्रश मारला, आणि हात टेकले. "हमेशा लेफ्टकूच चलेंगा अब ये. नया लेलो, दिवाली बाद आएंगा." नवा मागवलाय. दिवाळीनंतर येईल. तोपर्यंत माझा माणूस डावीकडं चालत राहणार.

तनूला मी फोन केला. म्हणालो, यंत्र बिघडलं होतं. ती म्हणाली, हो बाबा, ठीक आहे. ते "ठीक आहे" मी ओळखतो, ते तिच्या आईचं आहे. त्याचा अर्थ ठीक नाही. मी विचारलं, ऋतुराज कसा आहे? म्हणाली, बरा आहे. पुढं काही नाही. कुंकवाचं सांगावं म्हटलं, तर "आत्यानं कुंकू लावलं म्हणून मी उठून गेलो" हे वाक्य मी स्वतःशी म्हणून पाहिलं. माझा माझ्यावर विश्वास बसला नाही. जन्मात एकदा हा माणूस जागेवर बसून राहिला, आणि तेव्हा यंत्र उठून गेलं. माझ्यासारख्याच्या नशिबात याहून वेगळं काय असणार! मधला एक रविवार ती आलीच नाही. मी यंत्र लावून बसलो होतो. माणूस डावीकडं जातो, मी त्याला उजवीकडं ओढतो, तो पुन्हा डावीकडं जातो. त्या पोरीचं तिकडे काय चाललंय ते कळत नाही, आणि कळलं असतं तर ते ऐकायची जागाच मोडून बसलीय. जेवण जात नाही. भात लावतो आणि कुकरची शिट्टी झाली की दचकतो.

म्हणून दाजी, एक कळकळीची विनंती. दिवाळीला आक्काला काहीतरी कारण सांगून करमाडलाच ठेवून घ्या. लक्ष्मीपूजनाला ती आली तर टीव्ही, मीटर आणि पाण्याची मोटार यांची धडगत नाही. तिला कारण कळू देऊ नका; तिनं प्रेमानं केलं आणि तिला कळलं तर ती जन्मभर डोळ्यांतून पाणी काढील. मी तिच्यासमोर हे बोलू शकत नाही म्हणून तुम्हाला लिहिलं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला चारा.

आपला मेहुणा,
विश्वजीत

ता. क. सत्यमरावांची पाळी बदलली, त्यामुळे पाकीट तसंच पडून आहे. काल ते फोडून पुन्हा वाचलं. आक्का, हे तू वाचतेस हे मला माहीत आहे. दाजींचा चष्मा तुझ्या कनवटीला असतो आणि तुझ्या हातून गेल्याशिवाय त्या घरात कागदाचा चिटोराही त्यांना मिळत नाही. तेव्हा वरचं सगळं तुलाच लिहिलंय असं समज. तुझी चूक नाही. खेळ हे काम आहे असं मी सांगितलं. तू कामाची पूजा केलीस. फक्त एक कर. तनूला फोन करून तुझ्या तोंडानं सांग की आत्यानं कुंकू लावलं म्हणून बाप उठून गेला. माझं ती ऐकणार नाही. तुझं ऐकेल.

ता. क. दुसरा. आक्का, फोन करू नकोस. आज रविवार. संध्याकाळी यंत्र लावलं आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं. आज वार नसताना आलं, त्यामुळे सगळी गल्ली धावली आणि मीही कंट्रोलर टीपॉयवर टाकून हंडे घेऊन धावलो. ओल्या हातानं परत आलो तर माझा माणूस नदीच्या कडेकडेनं डावीकडं चालत चालत पार टोकाला गेला होता. तिथं एक मोठा खडक आहे. त्या खडकाला तो छाती लावून उभा होता आणि पाय नुसते जागच्या जागी चालत होते. शेजारी शेकोटी पेटलेली होती, आणि शेकोटीपाशी तनू बसलेली होती. लाकडं तिनं एकटीनंच गोळा केली असणार.

ती म्हणाली, बाबा, केव्हाची बघतेय, त्या खडकाला धडका मारताय. मी म्हणालो, यंत्र बिघडलंय. म्हणाली, दिसतंय. मग मी कुंकवाचं सांगितलं. अक्षता, मुंग्या, सगळं. ती हसली, आई हसायची तशी, आणि मधेच ते हसणं मोडलं. मग म्हणाली, "आपण इथंच बसत जाऊ बाबा. इथून तुम्हाला उठून जाता येत नाही."

आणि मग तिनं सांगितलं. ऋतुराज आणि ती वेगळे राहतात. उन्हाळ्यापासून. भांडण नाही, मारझोड नाही, नुसतं संपलं, म्हणाली. आम्हाला दोघांनाही घरात बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणाली. ती रडत होती, आणि मी ऐकत होतो. पडद्यावरचा माणूस पूर्ण वेळ चालत होता, आक्का. मी बसून होतो.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. (तारीख घालायची राहिली ती राहू द्या.) दाजी, आक्काला करमाडला ठेवून घ्या असं वर लिहिलंय, ते खोडलं असं समजा. तनू दिवाळीनंतर येतेय, काही महिन्यांसाठी. खोलीतल्या खोलीत, समोरासमोर बसणार. तिथं ना कंट्रोलर असेल ना खडक, आणि तिनं तोंड उघडलं की माझे पाय दाराकडं वळणार हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा आक्का, ती यायच्या आधी तू ये. कुंकवाचा करंडा आणलास तरी चालेल. सुपारी, अडकित्ता, निवडायची भाजी, जे काय असेल ते घेऊन ये. आणि आल्याबरोबर दारात पाट टाकून बस. ऐन मधोमध.